फायब्रोस्कॅनचा आकडा वाचण्याआधी

यकृत किती कडक झालंय, हे फायब्रोस्कॅन किलोपास्कलमध्ये सांगतो. आकडा जरा मोठा आला की घरात लगेच ‘सिरॉसिस’ची कुजबुज सुरू होते. पण नुसतं पोट भरलेलं असलं तरी तो वाढतो! जेवणानंतर यकृताकडे जाणारं रक्त वाढतं आणि यकृत तात्पुरतं ताठरतं. म्हणून तपासणीआधी किमान ३ तास काही खाऊ नये. दुधाचा चहासुद्धा नको. ताजी कावीळ, पित्तनलिकेतला अडथळा किंवा हृदय कमजोर झाल्याने यकृतात तुंबलेलं रक्त, यांमुळेही आकडा फुगतो. पोटात पाणी साठलं असेल, तर मोजमाप बहुधा जमतच नाही. लठ्ठ व्यक्तीसाठी एक्सएल प्रोब वापरावा लागतो.

रिपोर्टवरचा मोठा आकडा सगळे वाचतात, शेजारचा ‘आयक्यूआर’ मात्र कुणी बघत नाही. उजव्या बरगड्यांच्या फटीतून निदान १० मोजमापं घेतात आणि त्यांतला मधला आकडा रिपोर्टवर येतो. मोजमापांतली तफावत, म्हणजेच आयक्यूआर, त्या आकड्याच्या ३० टक्क्यांहून जास्त असेल, तर विशेषतः मोठ्या आकड्यावर विसंबू नये. पुन्हा तपासायचं झाल्यास उपाशीपोटी जा आणि जुना रिपोर्ट सोबत न्या.