‘ईसीएम गेलंय’ असं कुणी सांगितलं, तर पैसे देण्याआधी काय तपासायचं?



आजचा विषय आहे इंजिनाचा कॉम्प्युटर. कुणी त्याला ईसीयू म्हणतं, कुणी ईसीएम. गाडी चालू होत नाही, चेक इंजिनचा दिवा विझत नाही, गाडी मध्येच बंद पडते, आणि गॅरेजमधून निरोप येतो, ‘सर, ईसीएम गया.’ पाठोपाठ आकडा येतो. तीस हजार, पन्नास हजार, महागड्या गाडीला लाखाच्या वर. ऐकणाऱ्याला त्यातलं काही कळत नसतं, त्यामुळे तो मान डोलावतो.

फौजेत माझी बरीच वर्षं गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये गेली. तिथे एक शिस्त अंगी बाणली. कुठलाही महाग भाग बदलायचा असेल, तर तो निकामी असल्याचा पुरावा जॉब कार्डवर लिहायचा. ‘मला वाटतं’ हा पुरावा नव्हे. आज हीच शिस्त मी तुम्हाला सांगणार आहे. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही.

आधी हा डबा करतो काय ते बघू. पूर्वीच्या गाड्यांत कार्बुरेटर होता, पेट्रोल-हवेचं गणित यांत्रिक होतं. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी २००० सालाच्या आसपास आपल्याकडे एमपीएफआय इंजिनं रुळली आणि हे गणित कॉम्प्युटरकडे गेलं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि त्याचं काम आणखी वाढलं. क्रँक किती वेगाने फिरतो, हवा किती आत येते, पाणी किती गरम आहे, ही माहिती सेन्सर त्याला देतात. त्यावरून तो इंजेक्टर आणि इग्निशन कॉइलला हुकूम सोडतो. आता विचार करा, कंट्रोल रूमला वीज मिळाली नाही किंवा चौकीवरून चुकीची खबर आली, तर हुकूम चुकणारच. त्यात दोष कंट्रोल रूमचा नाही. गाडीतही बहुतेक वेळा असंच असतं. डबा ठीक असतो, त्याच्यापर्यंत येणारं काहीतरी बिघडलेलं असतं.

म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवा: वीज, अर्थिंग, सेन्सर, वायरिंग, आणि सगळ्यात शेवटी ईसीएम.

पहिली खूण फुकट मिळते. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागायला हवा. लागला, तर ईसीएम बहुधा जागं आहे. लागलाच नाही, तर त्याला वीज मिळत नसण्याची शक्यता मोठी. त्याच वेळी चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत राहिलं, तर आधी इमोबिलायझर बघा. गाडी चावी ओळखत नसेल तर ती चालू होणार नाही, आणि त्यात ईसीएमचा दोष नसेल.

मग बॅटरी. गाडी रात्रभर उभी असेल तर मल्टिमीटरवर साडेबारा व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला, तर आधी बॅटरीकडे आणि तिच्या टर्मिनलकडे बघा. व्होल्टेज कोसळलं की ईसीएम क्षणभर झोपतं, आणि नंतर भलतेच एरर कोड दाखवतं.

त्यानंतर फ्यूज आणि मेन रिले. इथे एक प्रसंग सांगतो, कारण त्यात आजचा सगळा धडा आहे. बेळगावकडचा एक तरुण बंगळुरूत टॅक्सी चालवतो. गाडी कर्जावर घेतलेली, हप्ते चालू. गाडी गरम झाली की सेल्फ फिरायचा, पण इंजिन चालू व्हायचं नाही, आणि त्या वेळी स्कॅनर ईसीएमशी जोडला जायचा नाही. एका गॅरेजने नवं ईसीएम सांगितलं, बेचाळीस हजार. तो मला म्हणाला, ‘काका, एवढे पैसे भरले तर दोन महिन्यांचे हप्ते चुकतील.’

आम्ही बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ईसीएमचा कनेक्टर सोडवला आणि वायर पुन्हा जोडली. चावी ऑन करून मेन रिलेला अर्थिंग दिलं आणि कनेक्टरच्या वीज येणाऱ्या पिनवर मीटर लावला. बारा व्होल्ट. म्हणजे सगळं ठीक? नाही. मीटर जवळजवळ करंटच ओढत नाही, त्यामुळे वायरची एक तार शिल्लक असली तरी तो बारा व्होल्ट दाखवतो. म्हणून त्याच पिनवर इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब जोडला. बल्ब मिणमिणला आणि मीटर पाच व्होल्टवर आला. वायर धरत मागे गेलो तेव्हा मेन रिलेच्या सॉकेटमधलं एक टर्मिनल जळून काळं झालेलं आणि सैल सापडलं. टर्मिनल आणि रिले बदलला, खर्च सहाशेच्या आत. ईसीएमला धक्काही लावला नाही. एक मात्र लक्षात ठेवा, बल्बची ही चाचणी कनेक्टर ईसीएममधून काढल्यावरच आणि फक्त वीज येणाऱ्या पिनवरच करायची. जोडलेल्या ईसीएमच्या पिनांना टेस्ट लॅम्प लावत फिरलात, तर चांगलं ईसीएम खरंच जाईल. एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला तर हातही लावू नका.

अर्थिंगची परीक्षाही अशीच, लोड असताना. सगळं पुन्हा जोडा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी ईसीएमच्या अर्थिंगच्या वायरवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.१ व्होल्टच्या आत राहायला हवा. जास्त आला तर अर्थिंगचा बोल्ट गंजलाय किंवा सैल आहे.

आता सेन्सर. ईसीएम अनेक सेन्सरना पाच व्होल्ट पुरवतं. त्यातला एखादा आतून शॉर्ट झाला, तर पाच व्होल्टची ती सगळी लाईन खाली बसते. मग एकदम चार-पाच सेन्सरचे कोड येतात आणि ईसीएम मेल्यासारखं दिसतं. उपाय सोपा आहे. एकेक सेन्सरचा कनेक्टर काढत जा आणि लाईनवर मीटर ठेवा. ज्याचा कनेक्टर काढताच पाच व्होल्ट परत आले, तो सेन्सर किंवा त्याची वायर गुन्हेगार.

स्कॅनरबद्दल थोडं. ओबीडीचा सोळा पिनांचा सॉकेट स्टिअरिंगखाली असतो. त्याच्या १६ नंबरच्या पिनला थेट बॅटरी असते, ४ आणि ५ ला अर्थिंग. म्हणून स्कॅनरचा दिवा लागला याचा अर्थ ईसीएम जिवंत आहे असा होत नाही. स्कॅनर जोडला जात नसेल, तर बॅटरी काढून ६ आणि १४ नंबरच्या पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. बहुतेक गाड्यांत तो ६० ओहमच्या आसपास असतो. १२० आला तर लाईन कुठेतरी तुटली आहे, शून्याजवळ आला तर शॉर्ट आहे. बंगळुरूत झाडांखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांमध्ये उंदीर हे काम मन लावून करतात. स्कॅनर जोडला गेला तर सेल्फ मारताना आरपीएम बघा. दोनशेच्या आसपास दिसले तर क्रँक सेन्सरची खबर पोहोचते आहे. शून्य दिसले तर आधी तो सेन्सर आणि त्याची वायर.

पाण्याचं वेगळं सांगतो. ५ सप्टेंबर २०२२ ला बेळंदूर, यमलूर आणि सरजापूर रोड पाण्याखाली गेले, लोक ट्रॅक्टरमधून ऑफिसला गेले, आणि तळघरांतल्या, रस्त्यावरच्या कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाडीला सेल्फ मारू नका, चावीही ऑन करू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ओल्या पिनांमधून करंट वाहिला की त्या झपाट्याने गंजतात. काही गाड्यांत ईसीएम बॉनेटखाली असतं, काहींत डॅशबोर्डच्या खाली, पायांजवळ. दुसऱ्या प्रकारात केबिनमध्ये घोटाभर पाणी आलं तरी ते भिजू शकतं. कनेक्टर उघडून हिरवट थर दिसतो का ते बघून घ्या. वायरच्या आतून पाणी वर चढतं, म्हणून वरून कोरडा दिसणारा कनेक्टरही उघडायचा. विम्याला कळवण्याआधी फोटो काढून ठेवा.

मग ईसीएम कधीच जात नाही का? जातं. वीज, अर्थिंग आणि पाच व्होल्टचा पुरवठा ठीक असूनही ते बोलत नसेल, तर संशय खरा. पी ०६०४, पी ०६०५, पी ०६०६ हे कोड आतल्या मेमरीचे आणि प्रोसेसरचे. चांगल्या बॅटरीवर पुसूनही ते पुन्हा पुन्हा येत असतील, तर संशय खरा. क्रँकची खबर येते, वायर सलग आहे, तरी एकाच कॉइलला हुकूम जात नाही, तर आतला ड्रायव्हर जळलाय. पण तो का जळला हे शोधल्याशिवाय नवं बसवू नका. कॉइल शॉर्ट असेल तर ती नव्याचाही बळी घेईल. दुसऱ्या गाडीचं ईसीएम ‘लावून बघू’ म्हणणाऱ्यालाही थांबवा. पार्ट नंबर जुळावा लागतो, इमोबिलायझरचं कोडिंग करावं लागतं.

तेव्हा गॅरेजमध्ये चारच गोष्टी मागा, आवाज न चढवता. सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज किती होतं? लोड लावून ईसीएमच्या पिनवर किती आले? अर्थिंगचा ड्रॉप किती? पाच व्होल्टची लाईन किती दाखवते? हे चार आकडे कागदावर लिहून घ्या, आणि ईसीएम बदललंच तर जुनं परत मागा. चांगला मेकॅनिक हे आकडे आनंदाने देतो, त्याने ते मोजलेलेच असतात. जो देत नाही त्याच्याकडून गाडी उचलून दुसरीकडे न्या, टो करावी लागली तरी चालेल. टोचा खर्च ईसीएमपेक्षा नक्कीच कमी येतो.

पुढच्या भागात अल्टरनेटर आणि बॅटरी घेऊ. भेटू या. जय हिंद.