नातवंड आंघोळीला भिते तेव्हा
कालपर्यंत पाण्यात खिदळणारे दीड-दोन वर्षांचे नातवंड एकाएकी न्हाणीघराच्या दारातच आकांत मांडते. आजी-आजोबांना तो हट्ट वाटतो. बहुधा ती भीती असते. डोळ्यांत गेलेला साबण किंवा डोक्यावरून अवचित ओतलेला तांब्या या वयात मनात ठसतो. धरून-दटावून न्हाऊ घातल्यास भीती अधिकच बळावते. काही दिवस ओल्या पंचाने अंग पुसले तरी पुरते. रोज डोक्यावरून पाणी हवेच, हा आपल्या पिढीचा आग्रह सोडावा. परातीत कोमट पाणी घेऊन मुलाला बाहुलीला न्हाऊ घालू द्यावे. पुढे पाय, पाठ आणि सर्वांत शेवटी डोके.

बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. ते सुमारे ३७ अंश सेल्सिअस असावे. मधुमेहामुळे हातांना बधिरपणा आला असेल, तर पाणी घरातील दुसऱ्या कोणीतरी कोपर बुडवून पाहावे. भरल्या बादलीजवळ मुलाला क्षणभरही एकटे ठेवू नये. पाणी लागताच अंगाची आग होऊन मूल कळवळत असेल, किंवा वारंवार कान ओढत असेल, तर पुरळ अथवा कानाचे दुखणे असू शकते, डॉक्टरांना दाखवावे.