लँडलाइन फायबरवर नेताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळा आला की तांब्याच्या केबलच्या जोडांत पाणी शिरतं, फोन खरखरतो, मग 'डेड' होतो. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे ही खरखर तिथे नसते. तरी फोन फायबरवर न्यायचा म्हटलं की शंका सुरू होतात.

पहिली शंका जुन्या फोनची. तो टाकावा लागत नाही. मोडेमला फोनची खाच असेल तर बटणांचा फोन तिथे लावायचा, डायल टोन येतो. चकतीचा फोन मात्र सगळ्या मोडेमना समजत नाही.

दुसरी, 'नेट संथ असेल तर आवाज तुटेल.' बोलण्याला एका दिशेने सेकंदाला शंभरएक किलोबिटही लागत नाहीत. साध्यात साध्या प्लॅनमध्ये ते सहज मावतं. आवाज तुटतो तो पॅकेट उशिरा किंवा मागेपुढे पोचल्यामुळे. म्हणून कंपन्या सहसा फोनच्या आवाजाला वेगळी वाट देतात. पोरं क्रिकेट बघत बसली म्हणून आजीचा फोन अडत नाही.

'हा म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप कॉलच' हेही खरं नाही. ही रीतसर लँडलाइन आहे, पुण्यात 020 आणि मुंबईत 022 वालीच. जानेवारी 2021 पासूनचा नियमही तोच: मोबाइलला लावताना आधी शून्य.

खरा फरक विजेचा, आणि तो विक्रेता आपणहून क्वचितच सांगतो. तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांची 48 व्होल्ट वीजही यायची, म्हणून लाइट गेले तरी फोन चालायचा. (कॉर्डलेस घेतलेल्यांनी ही सोय तेव्हाच गमावली होती!) फायबरमधून फक्त प्रकाश येतो. मोडेम बंद म्हणजे फोन बंद, 112 सुद्धा लागणार नाही. राउटरसाठीचा छोटा यूपीएस यावर उपाय आहे, पण गल्लीतल्या केबलवाल्याच्या यंत्रणेला बॅकअप आहे का, हेही विचारा. घरात एकटं वयस्कर माणूस असेल, तर चार्ज केलेला मोबाइल जवळ हवाच.

राहिला नंबर. बीएसएनएलच्याच तांब्यावरून त्यांच्याच फायबरवर जाताना तो बहुधा टिकतो. कंपनी बदलली तर नाही, कारण आपल्याकडे नंबर पोर्ट करण्याची सोय मोबाइलपुरतीच आहे. म्हणून जुनी लाइन लगेच सरेंडर करू नका. बँक, गॅस, सोसायटी, सगळीकडे नवा नंबर नोंदवून झाला की मग अर्ज द्या.