हृदयाचा लगाम

हृदयाकडे जाणारे मज्जातंतू तुटले, तरी हृदय थांबत नाही. उलट अधिक वेगाने धडधडू लागतं. हृदयाचं प्रत्यारोपण झालेल्या माणसाची नाडी विश्रांतीतही मिनिटाला 90-100 च्या घरात असते, ती यामुळेच. एरवी आपली नाडी 70 च्या आसपास राहते, कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून निघालेला व्हेगस मज्जातंतू हृदयाचा लगाम अहोरात्र ओढून धरतो. शांत असणं हेही शरीराचं काम आहे, आणि ते अखंड चालू असतं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हा लगाम कसा चालतो, ते ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये दाखवलं. त्यांनी बेडकाच्या हृदयाचा व्हेगस विजेने चेतवला, तेव्हा ठोके मंदावले. मग त्या हृदयातलं द्रावण त्यांनी व्हेगस नसलेल्या दुसऱ्या हृदयात सोडलं, तर तेही मंदावलं. म्हणजे निरोप पोहोचवणारं एक रसायन होतं: ॲसिटिलकोलिन. या संशोधनासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना 1936 चं नोबेल विभागून मिळालं.

ॲसिटिलकोलिन क्षणात काम करतं आणि क्षणात विरतं. ॲड्रेनालिन मात्र रक्तात उतरलं की काही मिनिटं रेंगाळतं, आणि त्याच्यामागून वाढणारं कॉर्टिसॉल ओसरायला तासभरही लागू शकतो. साहेबांचा फोन ठेवल्यावरही धडधड चालूच राहते, ती म्हणून. अशा वेळी ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे शब्द कितीही मायेचे असले, तरी त्यांनी ही रसायनं उतरत नाहीत.

श्वासाने मात्र फरक पडतो. श्वास आत घेताना व्हेगसची पकड सैल होते, नाडी किंचित वाढते. सोडताना पकड पुन्हा घट्ट होते. मनगटावर बोटं ठेवून संथ श्वास घेतला, तर पुष्कळांना, विशेषतः तरुणांना, हा चढउतार कळतो. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले, की रक्तदाब सांभाळणाऱ्या यंत्रणेची दहा सेकंदांची लय श्वासाच्या लयीशी जुळते आणि हा चढउतार सर्वांत ठळक होतो. ल्युचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवलं, की माळेवरची लॅटिन प्रार्थना आणि योगातला मंत्र, दोन्हींमुळे श्वास याच गतीवर येतो. योगाभ्यास असा प्रयोगशाळेत तपासण्याचं काम लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापून 1924 मध्येच हाती घेतलं होतं, हे आपण सहसा विसरतो.

अर्थात, चौदा तासांची ड्यूटी किंवा डोक्यावरचं कर्ज श्वासाने हटत नाही, आणि तसं भासवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. रोजच्या धडधडीवर मात्र हा उपाय हाताशी आहे. फक्त ‘मोठा श्वास घे’ या सल्ल्याने गफलत होते. भराभर मोठे श्वास घेतले, की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि घाबरलेला माणूस आणखी घाबरतो. श्वास संथ हवा: नाकाने चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, नेहमीपेक्षा फार खोल नाही. ज्यांना श्वासाकडे लक्ष देऊनच कासावीस व्हायला होतं, त्यांनी उठून चार पावलं चालावं.