शाळूचा अदमास आणि दावणीची गणती

पाचगणीच्या पठारावर ऐन आषाढात उभे राहून पश्चिमेकडे पाहिले तर महाबळेश्वरच्या अंगाने येणाऱ्या मेघांनी दिशा कोंदून गेलेल्या दिसतात, आणि तेथून पूर्वेकडे, वाईचे खोरे ओलांडून, दृष्टी जसजशी लांबवावी तसतसा त्याच आभाळाचा रंग उतरत जातो. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. पाचगणीच्या वाट्याला त्याच्या निम्म्याहूनही कमी येतो. आणि सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरांवर असलेल्या म्हसवड-दहिवडीच्या माणदेशात पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक वरुणराजाची कृपा झाली असे मानतात. एवढी तफावत एका सातारा जिल्ह्याच्या हद्दीत नांदते, आणि तरीही सरकारी तक्त्यात त्या जिल्ह्याच्या नावापुढे ज्वारीचा एकच आकडा लिहिला जातो. हा आकडा कोठून येतो, तो किती विश्वासार्ह असतो, आणि ज्या गुराढोरांच्या जिवावर येथली जिरायती शेती उभी आहे त्यांचा त्यात काही हिशेब असतो की नाही, हे प्रश्न वाटतात तितके रुक्ष नाहीत.

१८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनेत माणसे व गुरे सारखीच मेली, आणि त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० साली जो अहवाल दिला त्यात शेतकी खाती स्थापून पिकांची पद्धतशीर माहिती गोळा करण्याचा आग्रह धरला. हिंदुस्थानातील पहिला सरकारी पीकअंदाज १८८४ साली प्रसिद्ध झाला, तो गव्हाचा. गहू निर्यातीचा माल होता, तेव्हा त्याच्या अंदाजाची निकड शेतकऱ्यापेक्षा व्यापाऱ्यालाच अधिक होती, असे म्हटल्यास फारसा अन्याय होणार नाही. माणदेशातल्या शाळूची चौकशी मात्र व्यापारासाठी होत नसे, ती होत असे साऱ्यासाठी.

तिचे नाव आणेवारी. पुरते पीक म्हणजे सोळा आणे असे धरून यंदाचे पीक किती आण्यांचे, हे महसुली अंमलदाराने ठरवावयाचे आणि त्यावरून शेतसारा घ्यावा, की तहकूब ठेवावा, याचा निर्णय व्हावयाचा. मुंबई इलाख्यात पीक चार आणे वा त्याहून कमी ठरल्यास त्या सालचा सारा पूर्णतः तहकूब मागता येत असे. १९१८ साली खेडा जिल्ह्यात गांधीजींनी जो सत्याग्रह केला त्याचा सारा वाद या चार आण्यांभोवती फिरत होता. रयतेच्या हिशेबाने पीक चार आण्यांच्या आत होते, सरकारच्या हिशेबाने वर. दोन्ही पक्षांनी पाहिलेले शेत एकच होते.

१९५७ साली दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. पद्धतीचा गाभा बदलला नाही. आजही तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, सरपंच, सोसायटीचे अध्यक्ष आणि गावातले जाणते शेतकरी यांची समिती बसते. सप्टेंबरअखेर खरिपाची नजरअंदाज पैसेवारी निघते, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरात अंतिम; रब्बीची याच पायऱ्यांनी पुढे मार्चपर्यंत जाते. पन्नास पैशांच्या आत आकडा आला की गाव टंचाईग्रस्त. सारामाफी, वीजबिलातली सवलत, परीक्षा शुल्काची माफी, कर्जवसुलीची स्थगिती हे सर्व त्या एका रेषेच्या अलीकडे. पलीकडे काही नाही. जेथे एकोणपन्नास आणि एक्कावन यांच्यामध्ये एवढी दरी खणलेली आहे, तेथे समितीतल्या माणसांची नजर निर्विकार राहावी ही अपेक्षा मला तरी भाबडी वाटते. गावाला आकडा खाली हवा असतो, वरच्या कचेरीला तो फार खाली नको असतो, आणि मधल्या तलाठ्याला दोन्हींकडे तोंड दाखवायचे असते.

या नजरेच्या अंमलावर उपाय शोधण्याचे काम ज्यांनी केले त्यांतले एक अग्रगण्य गृहस्थ खुद्द या दुष्काळी मुलखातले होते, ही गोष्ट सातारकरांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. खटाव तालुक्यातील बुध या गावी २७ जुलै १९११ रोजी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन लंडनला गेले, तेथे नमुना-पाहणीच्या गणितावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली, आणि परतल्यावर दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत राहून पिकाच्या मापनाचा प्रश्न हाती घेतला. त्यांच्याआधी १९२०च्या दशकात हबॅक नावाच्या सनदी अधिकाऱ्याने बिहार-ओरिसात भाताच्या शेतांतून लहान लहान त्रिकोण यदृच्छेने निवडून कापण्याचा प्रयोग केला होता. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी ती कल्पना साऱ्या देशाला पेलेल अशा शिस्तीत बसवली. १९५४ साली निघालेला या दोघांचा ग्रंथ कृषी महाविद्यालयांच्या कित्येक पिढ्यांनी अभ्यासला.

याच काळात सुखात्मे आणि कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्यात एक वाद झाला, आणि तो वरवर पाहता हास्यास्पद वाटावा इतका बारीक होता: कापायचा तुकडा केवढा असावा? महालनोबीसांचा कल लहान तुकड्यांकडे होता, कारण तुकडा लहान तर खर्च कमी आणि त्याच पैशात जागा अधिक. सुखात्म्यांनी दाखवून दिले, की तुकडा जितका लहान तितके उत्पन्न फुगून दिसते. याचे कारण बांधावर उभे राहून समजते. दोरी ताणली, की काही ताटे बरोबर दोरीवर येतात. त्यांतले भरदार कणीस दोरीबाहेर टाकण्यास विळा धरणाऱ्याचा हात धजत नाही, तो ते आत ओढून घेतो. मोठ्या चौकोनात अशा काठावरच्या ताटांचे प्रमाण नगण्य असते. चार-पाच फुटांच्या वर्तुळात निम्मा व्यवहार काठावरच चालतो. लबाडी कोणाचीच नसते, तरी देशाचे धान्य कागदावर वाढते. पुढे १९५१ पासून सुखात्मे रोमला, जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि भूक व पोषण यांवरील त्यांच्या मतांनी मोठी वादळे उठवली. पण तो निराळा विषय.

आजचा पीक कापणी प्रयोग त्याच वळणाचा आहे. गाव यदृच्छेने निवडावयाचे, गावातला गट नंबर यदृच्छेने, आणि शेतात गेल्यावर नैर्ऋत्येच्या कोपऱ्यापासून किती पावले लांबीत व किती रुंदीत चालावयाचे हेही कोष्टकातील यादृच्छिक अंकावरून, म्हणजे शेतमालकाने “साहेब, इकडं बघा, इकडं काहीच नाही” म्हणून बोलावले तरी तिकडे जाण्याची मुभा राहत नाही. चौकोन बहुधा पाच मीटर लांब व पाच मीटर रुंद असतो, काही पिकांना याहून मोठा. चार खुंट्या ठोकावयाच्या, दोरी कसावयाची, काटकोन साधला की नाही हे कर्णाची लांबी मोजून पाहावयाचे, आतली ताटे कापून कणसे मोडून घ्यावयाची, मळणी करून दाणे तोलावयाचे, आणि ओल उडून गेल्यावर पुन्हा तोलावयाचे. पंचवीस चौरस मीटर म्हणजे हेक्टराचा चारशेवा भाग, तेव्हा तागडीतला एक किलो कागदावर हेक्टरी चार क्विंटल होतो, आणि मळणीच्या ताडपत्रीवर सांडून राहिलेली पन्नास ग्रॅमांची मूठ वीस किलो.

२०१६ साली प्रधानमंत्री पीक विमा योजना आल्यापासून या मुठीचे मोल फारच वाढले आहे. महसूल मंडळ हे एकक धरले तर मुख्य पिकाचे दहा प्रयोग तेथे व्हावे लागतात. त्यांची सरासरी उंबरठा उत्पन्नाखाली, म्हणजे गेल्या सात वर्षांपैकी बऱ्या पाच वर्षांच्या सरासरीवरून बेतलेल्या मर्यादेखाली गेली, तरच भरपाई. साहजिकच ज्या शेतात पूर्वी तलाठी व शेतमालक असे दोघेच असत तेथे आता विमा कंपनीचा माणूसही तागडीशी उभा असतो. पेरा किती, हे तलाठ्याच्या नोंदवहीवरून ठरत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीने ते काम शेतकऱ्याच्या हातातील मोबाईलवर सोपवले. दुष्काळाच्या घोषणेचे निकषही २०१६च्या केंद्रीय संहितेने बदलले: पावसाचा खंड, जमिनीतील ओल, उपग्रहाने टिपलेली वनस्पतींची हिरवाई. ऑक्टोबर २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो या नव्या निकषांवर.

हे सारे दाण्याचे झाले. आता ताटाकडे वळले पाहिजे.

माणदेशातला शेतकरी शाळू पेरतो तो केवळ भाकरीसाठी नव्हे. मालदांडी ज्वारी संकरित वाणांपेक्षा कमी उतरते हे त्याला कोणी शिकविण्याची गरज नाही. तरीही तो ती सोडत नाही, कारण तिचा कडबा उंच, गोड आणि जनावराला रुचणारा असतो, आणि दारापुढची कडब्याची गंज हीच त्याची पुढल्या आठ महिन्यांची बेगमी असते. सातारा-सांगलीच्या या पट्ट्यात, माण, खटाव, आटपाडी, जत येथे, खिलार जातीची गुरे पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली. पांढरी, उंच, मागे वळलेल्या लांब शिंगांची ही बैलजोडी खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेत उभी राहिली की तिच्या किमतीवरून त्या सालच्या पिकाचा अदमास बांधणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांचा अदमास कोणत्याही समितीपेक्षा वाईट नसे. वैरण असेल तर शेतकरी जोडी हातची सोडत नाही. नसेल तर पौषातच दावे सुटते.

गुरांची सरकारी गणती मात्र पाच वर्षांतून एकदा. १९१९ साली सुरू झालेल्या पशुगणनेची विसावी फेरी २०१९ची. तिच्यात महाराष्ट्रातील गाई-बैलांची संख्या सुमारे एक कोटी चाळीस लाख भरली, आधीच्या २०१२च्या गणनेत ती दीड कोटीहून अधिक होती. या घटीमागे ट्रॅक्टर आहे, एकत्र कुटुंबांची विभागणी आहे, २०१५च्या गोवंश कायद्याने बदललेला बाजार आहे, आणि लागोपाठच्या दुष्काळांत विकली गेलेली दावण आहे. यांतले कशाचे किती, हे त्या एका बेरजेतून कळण्याची सोय नाही.

मधल्या वर्षांत गुरांची संख्या कळते ती एकाच ठिकाणी, चारा छावणीत. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने २०१२-१३च्या दुष्काळात छावणी चालवली, आणि २०१९च्या जानेवारीत ती पुन्हा उघडली तेव्हा तेथे जवळजवळ आठ हजार जनावरे दाखल झाली. शासनाच्या प्रमाणाने मोठ्या जनावराला दिवसाला पंधरा किलो हिरवा चारा, लहानाला त्याच्या निम्मा. सगळी मोठी धरली तर आठ हजारांना रोजचे एकशेवीस टन लागतात, आणि हा चारा दुष्काळी मुलखात पिकत नाही, तो येतो कृष्णाकाठचा ऊस होऊन. म्हणजे महाबळेश्वरच्या डोंगरावर पडलेला पाऊस कृष्णेने कराड-वाळव्याकडे न्यायचा, तेथे त्याचा ऊस व्हावयाचा, आणि साखर कारखान्याच्या वाटेवरून वळवून तो ट्रकांनी माणदेशात आणावयाचा. पाण्याचा हा प्रवास फार महागाचा आहे. उरमोडी आणि टेंभूच्या योजनांनी पाणीच उचलून पूर्वेकडे न्यायला आरंभ केल्यापासून तो काही गावांपुरता थांबला आहे, मात्र त्या गावांत शाळूच्या जागी डाळिंब आणि ऊस येऊन कडब्याची गंजही थांबली आहे.

छावणीची गणती निर्दोष नसते हे सांगितले पाहिजे. अनुदान जनावरामागे मिळते. २०१९ साली मोठ्या जनावराला दिवसाला नव्वद आणि मे महिन्यापासून शंभर रुपये मिळत. आणि जेथे डोके मोजून पैसा मिळतो तेथे कागदावरची डोकी वाढतात. काही जिल्ह्यांच्या तपासणीत दावणीला नसलेली जनावरे नोंदवहीत चरताना सापडली. त्यावर कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा क्रमांक मोबाईलने रोज टिपण्याची सक्ती झाली. लहान तुकड्याच्या काठावरचे कणीस जसे आपोआप आत येते, तसे हे नव्हे. हे जाणूनबुजून होते, आणि म्हणून पकडणे तुलनेने सोपे.

अमेरिकेत पिकांचे अंदाज व गोठ्यांतील गुरे यांची सांगड फार पूर्वी घातली गेली. तेथील कृषी खाते दरमहा मक्याचे अनुमान प्रसिद्ध करते, आणि दरमहाच, मांसासाठी धान्यावर पोसली जाणारी किती गुरे हजारांहून मोठ्या गोठ्यांत आहेत तेही. ही संख्या एक कोटीच्या वर असते. १९०५ साली कापसाचा अंदाज वेळेआधी फुटला: खात्यातल्याच एका अधिकाऱ्याने खिडकीचा पडदा वरखाली करून बाहेरच्या सट्टेबाजांना खूण केली होती. तेव्हापासून आकडे तयार करणारी माणसे प्रसिद्धीच्या घटकेपर्यंत कुलूपबंद खोलीत बसवली जातात. पण तिकडे मका मुबलक आणि स्वस्त झाला की गोठे भरतात. माणदेशात शाळू बुडाला की छावणी भरते. त्यामुळे तिकडील तक्ता इकडे उचलून आणण्यात हशील नाही, त्यामागील दोन आकडे एकत्र वाचण्याची सवय मात्र आणण्यासारखी आहे.

आज चारा किती महिने पुरेल याचा जो आराखडा जिल्ह्याला तयार होतो तो बहुतांशी पेऱ्याच्या क्षेत्राला ठरीव प्रमाणाने गुणून. हे प्रमाण बऱ्या सालाचे असते. पोटऱ्यात आलेला शाळू वाळून गेला तर दाणा शून्य होतो व ताट कंबरेएवढे राहते. कधी उलट, थंडीने दाणा बरा भरतो आणि कडबा आखूड निघतो. या दोन सालांतला फरक पेऱ्याच्या क्षेत्रात दिसतच नाही. आणि मोजणारी माणसे तर शेतात गेलेलीच असतात: खुंट्या ठोकलेल्या, दोरी ताणलेली, ताटे कापून चौकोनाबाहेर रचलेली. कणसे मोडून घेतल्यावर त्या ताटांच्या पेंढ्या बांधून त्याच काट्याला लावल्या, आणि दाण्याप्रमाणेच पंधरवड्याने वाळल्यावर दुसऱ्यांदा तोलल्या, तर फेब्रुवारीच्या अखेरीस तहसीलदाराच्या टेबलावर मंडळागणिक कडब्याचा आकडा आलेला असेल. छावणीचा पहिला अर्ज त्यानंतर पडतो की आधी, हे मग त्या आकड्याशेजारी लिहून पाहता येईल.