वाडग्याला तडा का गेला?

कुंभाराचे चाक नको, भट्टी नको. स्वयंपाकघरातल्या दोन पांढऱ्या पुडी आणि थोडे पाणी एवढ्यातून हवेवर वाळणारी 'माती' तयार होते आणि तिचा शोभेचा वाडगा करता येतो.

मी केलेला पहिला वाडगा मात्र फुटला. स्टीलच्या उपड्या वाटीवर माती थापली, लवकर वाळावी म्हणून कडक उन्हात ठेवली आणि कॉलेजला गेलो. संध्याकाळी येऊन पाहतो तो काठापासून निघालेला तडा थेट बुडापर्यंत! पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हे शोभणारे नव्हते.

आधी माती करू या. २ वाट्या खाण्याचा सोडा, १ वाटी कॉर्नफ्लोअर (मक्याचे पांढरे स्टार्च, पिवळे पीठ नव्हे) आणि सव्वा वाटी गार पाणी गुठळी न राहता कालवा. घरातले मोठे माणूस जवळ असताना हे मिश्रण मंद आचेवर ठेवा आणि सारखे ढवळत राहा. बराच वेळ काहीच होत नाही. मग एकाएकी पळी जड लागू लागते. कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवताना हा प्रकार तुम्ही पाहिला असेल. स्टार्चचे कण गार पाण्यात नुसते तळाशी बसतात; पण ६५ ते ७० अंश सेल्सियसच्या आसपास ते पाणी शोषून फुगतात आणि त्यांची चिकट खळ होते. मिश्रण उकडून कुस्करलेल्या बटाट्यासारखे दिसले की लगेच उतरवा. जास्त तापवलेत तर सोड्याचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि गोळ्यात पोकळ्या राहतात. ओले फडके झाकून निवू द्या, मग चांगले मळा.

सोड्याचे इथे काम काय? १०० मिलिलिटर पाण्यात जेमतेम १० ग्रॅम सोडा विरघळतो. म्हणजे आपण घातलेल्यापैकी बहुतेक सोडा कणांच्या रूपातच राहतो. काँक्रीटमध्ये सिमेंट खडीला धरून ठेवते, तशी ही खळ सोड्याच्या कणांना धरून ठेवते.

आता तड्याकडे वळू. ओल्या मातीत कणाकणांमध्ये पाणी असते. ते उडू लागले की उरलेल्या पाण्याचा पृष्ठताण शेजारच्या कणांना जवळ ओढतो, खळही आटते आणि सगळी वस्तू आकसते. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात त्या अशाच. पण नुसत्या आकसण्याने काही बिघडत नाही. सगळा वाडगा सारखाच आकसला तर तो फक्त लहान होईल. बिघडते ते एक भाग आकसू पाहतो आणि दुसरा त्याला आकसू देत नाही तेव्हा.

माझ्या वाडग्यात हे दोनदा घडले. पातळ काठ उन्हात आधी वाळला, जाड बूड ओलेच राहिले. शिवाय आत पोलादी वाटी! समजा, वाडग्याच्या तोंडाचा व्यास १४ सेंटिमीटर आहे. म्हणजे परीघ झाला सुमारे ४४ सेंटिमीटर. माती शेकडा ३ आकसली, तर परीघ १.३ सेंटिमीटरने कमी व्हायला हवा. वाटी तर तसूभरही हलत नाही. मग ती तूट भेगेच्या रूपाने उघडी पडते.

म्हणून माती वाटीच्या बाहेरून न थापता आतून लावा. वाटीला आधी तेलाचा हात फिरवा. माती आकसली की आपणहून वाटीपासून सुटते. जाडी सगळीकडे सारखी, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. वाटी सावलीत ठेवून पहिला दिवस काठावर किंचित ओलसर फडके घाला. कुंभारही कच्ची मडकी आधी सावलीतच वाळवतो. वाडगा सुटला की उपडा करून बुडालाही हवा लागू द्या. रोज वजन करा. दोन दिवस ते तेवढेच भरले, तर वाडगा वाळला.

उरलेल्या मातीच्या दोन पट्ट्या करा. प्रत्येकीवर १०० मिलिमीटरची रेघ ओढा. एक उन्हात ठेवा, एक सावलीत. कोणती पट्टी पापडासारखी टोके वर करते ते पाहा आणि वाळल्यावर दोन्ही रेघा मोजा.

एक लक्षात असू द्या. भट्टीत कुंभाराची माती कायमची बदलते. भिजवली तरी तिचा पुन्हा चिखल होत नाही. आपल्या वाडग्यात तसा काहीच बदल झालेला नसतो. त्यात पाणी ओतलेत तर सोडा विरघळेल, खळ सैल पडेल. रंगवून वर व्हार्निशचा हात दिला तरी त्यात बटणे, शिंपले, सुकी फुले एवढेच ठेवा, आणि पुसायचा तो कोरड्या फडक्याने.