इन्व्हर्टरची बॅटरी 'गेली' म्हणण्याआधी

व्होल्टमीटरवर १२.७ दिसलं म्हणून खूश होऊ नका. चार्जिंग बंद करून, लोड काढून बॅटरी काही तास तशीच ठेवा आणि मगच मोजा. १२.२ च्या आसपास आलं, तर ती साधारण निम्मी रिकामी आहे.

खरी परीक्षा हायड्रोमीटरची, आणि तो फार महागही नसतो. पूर्ण चार्ज झाल्यावर सहाही सेलचं ॲसिड तपासा (गॉगल, हातमोजे हवेतच!). पाच सेल १.२४० आणि एकच १.१८० दाखवत असेल, तर दुखणं त्या एकाच सेलचं. पण बदलावी लागते अख्खी बॅटरी.

पाणी फक्त डिस्टिल्ड. आरओचं अजिबात नको. दुकानदार काहीही सांगो, वरून ॲसिड ओतू नका. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, पण ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका.

तुमच्या सेलचे आकडे कमेंटमध्ये टाका, बघू.